ऑफिसमध्ये बदल राबवायचाय, प्लॅन कसा करू? मॉडेल वगैरे खरंच कोणी वापरतं का?

फायलीखाली_दबलेली

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमची संस्था मध्यम आकाराची, एक मुख्य ऑफिस आणि बऱ्याच शाखा. खरेदीची मंजुरी, रजा, बिलं, तक्रारी सगळं अजून फाईल आणि रजिस्टरवर चालतं. मागे एकदा सॉफ्टवेअर आणलं होतं, उद्घाटन झालं, नव्याचे नऊ दिवस सगळ्यांनी लॉगिन केलं आणि मग ये रे माझ्या मागल्या. आता नवीन संचालक आलेत, त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलंय (ठरवलंय म्हणजे घेऊन झालंय) आणि ते राबवायची जबाबदारी माझ्या गळ्यात. मी अकाउंट्सची माणूस, हे चेंज मॅनेजमेंट प्रकरण मला अगदी नवीन.

सल्लागार कंपनीने प्रेझेंटेशन दिलंय, त्यात बदल कसा करायचा याचं 'मॉडेल' म्हणून आठ पायऱ्यांचा जिना आहे आणि सगळ्यात वरच्या पायरीवर हात उंचावलेली हसरी माणसं. दुसऱ्याच स्लाईडवर भल्यामोठ्या अक्षरात 'बदलाचे ७० टक्के प्रयत्न अपयशी ठरतात'. वाचूनच जीव अर्धा झाला. संचालकांना लेखी प्लॅन हवाय, आणि त्यांच्या फॉरमॅटमध्ये एक कॉलम आहे, 'विरोध करणारे व त्यावर उपाय'.

तर, ही मॉडेलं खरंच कोणी वापरतं का? सगळीकडे एकदम सुरू करायचं की एकेक शाखा घ्यायची? आणि त्या कॉलमचं काय करू, कारण तिथे ज्यांची नावं जातील ती माणसं माझ्या मते ऑफिसातली सगळ्यात कामाची आहेत. सरकारी योजना राबवलेल्यांनी पण लिहा प्लीज, तिकडे हेच सगळं मोठ्या आकारात होत असणार.

उंटावरचा_शहाणा

ताई, आधी ती ७० टक्केवाली स्लाईड डोक्यातून काढून टाका. त्या आकड्याचा माग काढत गेलं की मजा येते. १९९३ मध्ये हॅमर आणि चॅम्पी यांनी रीइंजिनिअरिंगवर, म्हणजे कामाची पद्धत मुळापासून नव्याने बांधण्यावर, पुस्तक लिहिलं, त्यात म्हटलंय की हे करायला जाणाऱ्या ५० ते ७० टक्के कंपन्यांना हवा तेवढा मोठा परिणाम मिळत नाही, आणि तिथेच स्पष्ट लिहिलंय की हा आमचा अशास्त्रीय अंदाज आहे. २००० साली बीअर आणि नोरिया यांनी हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमधल्या लेखात बदलाचे साधारण ७० टक्के प्रयत्न फसतात असं लिहिलं, मग काय, प्रत्येक सल्लागाराच्या दुसऱ्या स्लाईडवर तोच आकडा. २०११ मध्ये मार्क ह्यूज या अभ्यासकाने हा आकडा सांगणाऱ्या लिखाणाच्या मुळाशी जाऊन पाहिलं, तर कुठेच भरवशाचा पुरावा नाही. आणि तसंही अपयश म्हणजे काय? वेळेत न होणं, बजेटबाहेर जाणं, की लोकांनी न वापरणं? हे ठरवल्याशिवाय टक्के काढणार कशाचे.

आता मॉडेल. तुमचा आठ पायऱ्यांचा जिना म्हणजे हार्वर्डचे प्राध्यापक जॉन कॉटर. त्याचा मूळ लेख १९९५ चा, आणि त्याचा भर पायऱ्यांवर नव्हता, कंपन्या बदल करताना कुठे कुठे माती खातात त्या आठ चुकांवर होता. पुढच्या वर्षी पुस्तक आलं त्यात भर पायऱ्यांवर गेला. माझं प्रामाणिक मत, त्या चुका म्हणूनच वाचा. 'घाई का आहे हे लोकांना पटलेलंच नाही', 'विजय फार लवकर जाहीर केला' असं वाचलं की स्वतःचं ऑफिस समोर दिसतं (तुमचं उद्घाटन आठवा). पण पहिल्या आठवड्यात पायरी एक, दुसऱ्या आठवड्यात पायरी दोन असं वेळापत्रक केलंत की झालं कल्याण.

दुसरं नाव येईल कर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञाचं, वितळवा, बदला, पुन्हा गोठवा. लेविन १९४७ मध्येच वारला. त्याच्या स्वतःच्या लिखाणात हा तीन टप्प्यांचा मुद्दा जेमतेम आलाय, त्याचं एवढं मोठं मॉडेल नंतरच्या लोकांनी केलं, असं २०१६ मध्ये काही अभ्यासकांनी मूळ कागद तपासून मांडलंय. माझ्या मते त्याची खरी कामाची गोष्ट वेगळीच आहे. तो म्हणायचा की आजची स्थिती ही ढकलणारे आणि अडवणारे जोर सारखे झाल्यामुळे टिकून असते. तुम्ही ढकलणं वाढवलं, म्हणजे परिपत्रकं, डेडलाईन, दमदाटी, तर हलेल थोडं पण तणाव वाढेल. अडवणारा जोर कमी केला तर तेवढंच हलेल आणि तणाव पण कमी. बहुतेक प्लॅनमध्ये ढकलायचेच कॉलम असतात. तुम्ही एका कागदावर फक्त काय अडवतंय ते लिहा आणि त्यातलं कोणतं काढून टाकता येईल ते बघा. अर्धा प्लॅन तिथेच होतो.

निवृत्त_पण_व्यस्त

शहाणेबुवांनी कंपन्यांचं सांगितलं, मी सरकारी बाजू सांगतो, नोकरीभर योजना राबवणं हेच काम केलं.

धोरण राबवणे या विषयातली सगळ्यात गाजलेली केस अमेरिकेतल्या ओकलंड शहराची. १९६६ मध्ये केंद्राच्या आर्थिक विकास खात्याने तिथे बंदर, विमानाचं हँगर वगैरे सार्वजनिक कामांसाठी सुमारे २ कोटी ३० लाख डॉलर जाहीर केले, उद्देश हा की बेरोजगारांना, मुख्यतः कृष्णवर्णीयांना, साधारण ३००० नोकऱ्या मिळाव्यात. विरोधक नाहीत, पैसा मंजूर, सगळ्यांचा पाठिंबा. तरी काही वर्षांनी बघितलं तर नोकऱ्या नगण्य आणि बराचसा पैसा पडूनच. प्रेसमन आणि विल्डावस्की या दोघांनी १९७३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. खलनायक कोणीच सापडला नाही. सापडलं काय, तर ३० निर्णयाची ठिकाणं आणि तिथे मिळून ७० मंजुऱ्या.

त्यांचा हिशोब कॅल्क्युलेटरवर करून बघा. प्रत्येक मंजुरी मिळायची शक्यता ९९ टक्के धरली तरी ७० वेळा गुणल्यावर काम पूर्ण व्हायची शक्यता निम्म्याच्याही किंचित खाली येते. ९५ टक्के धरली तर तीन टक्क्यांच्याही आत. हिशोब थोडा कडक आहे हे मान्य, कारण प्रत्यक्षात एक मंजुरी मिळाली की पुढची सोपी होते, लोक एकमेकांशी बोलतात, अडलं तर वाट काढतात. पण मुद्दा खोटा नाही. कोणीही 'नाही' न म्हणता काम मरू शकतं.

म्हणून ताई, पहिलं काम हे करा. तुमच्याकडे एक साधी खरेदी घ्या, एखादी खुर्ची म्हणा, आणि ती फाईल किती टेबलांवरून जाते, किती सह्या होतात, आणि कुठली सही न झाल्यामुळे आजवर एकदा तरी खरेदी थांबली, हे लिहून काढा. ज्या सहीने कधीच काही थांबवलं नाही ती सही नव्या सिस्टिममध्ये घेऊच नका. नाहीतर होतं काय, बारा सह्यांची फाईल होती ती बारा क्लिकची होते, आणि वर लोक म्हणतात पूर्वी निदान शिपाई फाईल हातात घेऊन जाऊन साहेबांची सही आणायचा, आता तर साहेब लॉगिनच करत नाहीत. कागदी घोडे होते ते फक्त स्क्रीनवर नाचायला लागतात.

आणि हो, सह्या कमी करण्यासाठी संचालकांचा हुकूम लागेल, तुमच्या पातळीवर होणार नाही. तो आत्ताच घ्या. साहेब नवीन असतात तेव्हाच अशी गोष्ट मान्य होते, वर्षभराने त्यांनाही त्या सह्यांची सवय लागलेली असते.

काउंटर_नंबर_तीन

मी ज्यांच्यावर बदल राबवतात त्यातला. आमच्याकडे नवीन सिस्टिम आली तेव्हा ट्रेनिंग म्हणजे व्हेंडरचा मुलगा आला आणि त्याने एबीसी नावाच्या ग्राहकाची एक्सवायझेड नावाची तक्रार भरून दाखवली, सगळे टाळ्या वाजवून चहाला गेले, आणि दुसऱ्या दिवशी खरा माणूस समोर आला ज्याचं नाव जुन्या रजिस्टरमध्ये वेगळं, आधारवर वेगळं आणि त्याची मागची तक्रार अर्धवट बंद झालेली, आता हे कुठल्या रकान्यात भरायचं ते त्या मुलालाही माहीत नव्हतं आणि मागे रांग. मग काय करणार माणूस, रजिस्टर काढलं, लिहिलं, शिक्का मारला, पुढचा. संध्याकाळी बसून ते सगळं पुन्हा सिस्टिममध्ये टाकायचं, कारण वरून रोज आकडा मागतात किती एन्ट्री झाल्या. म्हणजे पूर्वी एक काम होतं आता दोन, आणि मीटिंगमध्ये आमचं नाव 'बदलाला तयार नसलेले'.

आणि गंमत म्हणजे ज्या साहेबांनी ही सिस्टिम आणली त्यांना रिपोर्ट प्रिंट काढूनच लागतो.

ताई तुम्ही प्लॅनमध्ये एवढंच लिहा की अमुक तारखेपासून रजिस्टर बंद, आणि त्या तारखेनंतर कोणी रजिस्टर मागितलं तर द्यायचं नाही, ऑडिटवाल्याने मागितलं तरी नाही. ऑडिटवाल्याला आधी विचारून ठेवा मात्र. आमच्याकडे रजिस्टर जिवंत राहिलं ते ऑडिटमुळेच, कोणाच्या विरोधामुळे नाही.

उंटावरचा_शहाणा

काउंटरदादांना शंभरपैकी शंभर. यालाच धरून एक नाव सांगतो, मायकेल लिप्स्की. याचं १९८० चं म्हणणं असं की धोरण मंत्रालयात नाही ठरत, ते काउंटरवर, वर्गात, चौकीत ठरतं, कारण तिथल्या माणसाकडे माणसं जास्त आणि वेळ कमी असतो, मग तो स्वतःचे शॉर्टकट काढतो आणि लोकांसाठी तो शॉर्टकट म्हणजेच सरकार. रांग समोर असताना रजिस्टर काढणं हा त्यातलाच प्रकार. त्यात आळस नाही, रांग पुढे सरकवायची तीच एक वाट असते.

ओटी_वाली

मी हॉस्पिटलमध्ये आहे त्यामुळे सॉफ्टवेअरचं नाही सांगू शकणार, पण 'भरलं' आणि 'केलं' यातला फरक आमच्याकडे फार मोठ्या स्केलवर दिसलाय म्हणून लिहितेय.

जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये ऑपरेशनसाठी एक पानाची चेकलिस्ट आणली. भूल देण्याआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी थांबायचं आणि मोठ्याने खात्री करायची, पेशंट कोण, कुठली बाजू, अँटिबायोटिक दिलं का, सुया-स्पंज मोजले का, अशा गोष्टी. जगातल्या आठ शहरांतल्या आठ हॉस्पिटलांत करून बघितलं, २००९ मध्ये निष्कर्ष आले, ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर. सगळ्या जगाने उचललं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांताने तर सगळ्या हॉस्पिटलांना वापराचा रिपोर्ट देणं भागच पाडलं. मग २०१४ मध्ये तिथल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला, आणि मृत्यू ०.७१ वरून ०.६५ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. आणि चेकलिस्ट वापरल्याचा रिपोर्ट मात्र जवळजवळ सगळ्यांचा, जवळजवळ शंभर टक्के.

यावर वाद खूप झाले. तिथे मृत्यूचं प्रमाण आधीच कमी होतं, आधीचे आणि नंतरचे तीनतीन महिनेच मोजले वगैरे, आणि त्यात तथ्य आहे. पण थिएटरमध्ये काम करणाऱ्या कुठल्याही सिस्टरला विचारा, टिक कधी मारली जाते आणि सर्जन खरंच कधी थांबतो. पहिल्या आठ ठिकाणी टीम तयार केल्या होत्या, लोकांना समजावलं होतं, स्थानिक डॉक्टर पुढे होते. नंतर सगळीकडे गेला तो कागद, आणि कागदासोबत रिपोर्ट करायचा हुकूम.

तर ताई, तुमच्या संचालकांना किती लॉगिन, किती एन्ट्री हा आकडा देऊ नका. तो शंभर टक्के होणारच, आणि त्याने काहीच कळणार नाही. बिल आल्यापासून पैसे निघेपर्यंत किती दिवस लागतात हे आत्ता, सुरू करायच्या आधी मोजून ठेवा. आधीचा आकडा नंतर काढता येत नाही, आणि काढला तर कोणी विश्वास ठेवत नाही.

फायलीखाली_दबलेली

बापरे, एवढं सगळं! मनापासून आभार. सह्या मोजायला आजच बसले, एका प्रिंटरच्या फाईलवर ज्या खात्याची सही आहे ते खातं दोन वर्षांपूर्वी बंद झालंय, सही त्या खात्याच्या वतीने दुसरे साहेब करतात 😄

ऑडिटचं तर डोक्यातच आलं नव्हतं, उद्या फोन करते.

पण एकदम की टप्प्याटप्प्याने, यावर कोणी बोललं नाही. संचालकांना सगळ्या शाखा एकाच दिवशी हव्यात. म्हणतात पायलट, म्हणजे आधी एखाद्या शाखेत करून बघणं, करत बसलो तर पायलटच राहतं.

सावकाश_जा

संचालकांचं अर्धं बरोबर आहे. माझ्या मते याचं उत्तर एका प्रश्नात आहे, जुनं आणि नवं शेजारी शेजारी चालू शकतं का?

नाही चालू शकत असं उदाहरण म्हणजे स्वीडन. तिथे गाड्या डावीकडून चालायच्या, शेजारच्या देशांत उजवीकडून. १९५५ मध्ये सार्वमत घेतलं तर जवळजवळ ८३ टक्के लोक बदलाच्या विरोधात. तरी १९६३ मध्ये संसदेने ठरवलं, चार वर्षं तयारी केली, आणि ३ सप्टेंबर १९६७, रविवार, पहाटे पाच वाजता अख्खा देश उजवीकडे आला. इथे पायलट शक्यच नाही, आज फक्त ट्रकनी उजवीकडून चाला असं कोणी म्हणू शकत नाही. पण लोकांना लक्षात राहते ती ती पहाट, आधीची चार वर्षं कोणी बघत नाही. सिग्नल, पाट्या, चौक, बसचे दरवाजे सगळं आधी तयार करून झाकून ठेवलं होतं. आणि बरं का, सुरुवातीला अपघात कमी झाले कारण सगळेच जीव मुठीत धरून चालवत होते, मग दोनेक वर्षांत पुन्हा पूर्वीच्या पातळीवर. पहिल्या महिन्याचे आकडे बघून पेढे वाटू नका हे पण त्यातच आलं.

चालू शकतं असं उदाहरण त्याच देशात. स्टॉकहोममध्ये कामाच्या दिवशी दिवसा शहराच्या मध्यभागात गाडीने ये-जा केली तर शुल्क. लोक चिडलेले, बहुमत विरोधात. त्यांनी कायम लागू नाही केलं, ३ जानेवारी ते ३१ जुलै २००६ फक्त ट्रायल, आणि ट्रायल संपल्यावर मत द्या म्हणून सांगितलं. शुल्काच्या हद्दीवरची वाहतूक साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाली, लोकांना रस्ते मोकळे दिसले, शुल्क थांबल्यावर गाड्या परत वाढल्या तेही दिसलं. सप्टेंबरच्या मतदानात शहरात बाजूने बहुमत, आणि ऑगस्ट २००७ पासून कायम. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, जास्तीच्या बस त्यांनी आदल्या वर्षीच्या ऑगस्टपासून सुरू केल्या होत्या. आधी पर्याय दिला, मग पैसे मागितले.

तुमच्या रजा आणि तक्रारी एका शाखेत नव्या, दुसरीत जुन्या चालतील, काही बिघडत नाही. तिथे ट्रायल करा. पण खरेदी आणि बिलं शाखेतून मुख्य ऑफिसला येतात, तिथे अर्ध्या शाखा कागदावर आणि अर्ध्या स्क्रीनवर म्हणजे अकाउंट्सचे, म्हणजे तुमचेच, हाल. ते एका तारखेला सगळीकडे, पण तयारी झाल्यावर.

तयारी न करता तारीख गाठण्याचं पण उदाहरण घ्या, संचालकांना दाखवायला. अमेरिकेचं आरोग्य विम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला ३६ राज्यांसाठी एकदम उघडलं. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण करू शकलेली माणसं किती, सहा.

निवृत्त_पण_व्यस्त

सावकाशराव, शेजारी शेजारी चालू शकतं म्हणून चालू द्यावं याला माझा थोडा आक्षेप. चालू शकतं पण कधीपर्यंत, ते आधी लिहिलं पाहिजे.

आपल्याकडे १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे १०० नये पैसे. जुने आणे काही काळ चालूच होते, आणि एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे. सव्वासहाचं नाणं कुठून आणणार? तक्ते छापून वाटावे लागले, वरखाली गोळाबेरीज करावी लागली. तरी ते पार पडलं, कारण जुनं जाणार हे पक्कं होतं, कायदा झालेला होता. वजनमापांचं पण तसंच, १९५६ चा कायदा आणि मग क्षेत्रानुसार टप्पे.

याउलट अमेरिका. १९७५ मध्ये मेट्रिकचा कायदा केला पण ऐच्छिक, शेवटची तारीखच नाही. १९८२ मध्ये त्यासाठी नेमलेलं मंडळच गुंडाळलं, आणि मैल आहेत तिथेच आहेत. ऑस्ट्रेलियाने १९७० मध्ये कायदा करून एकेका क्षेत्राला तारखा दिल्या, रस्त्यावरच्या पाट्या १९७४ च्या जुलैत बदलून टाकल्या. लोक दोन्हीकडे सारखेच कुरकुरणारे असणार.

म्हणजे टप्पे हवेत का, हो हवेत. पण प्रत्येक टप्प्याला जुनं कधी मरणार ती तारीख हवी. तुमच्या संचालकांची 'पायलटच राहतं' ही भीती त्यामुळे जाते, त्यांना तसं सांगून बघा.

काउंटर_नंबर_तीन

आजोबा तारीख ठीक आहे पण तारखेच्या आदल्या दिवशी जी अर्धवट कामं आहेत ती कोणी भरायची सिस्टिममध्ये? आमच्याकडे तेच झालं, जुनी पेंडिंग प्रकरणं आत गेलीच नाहीत, त्यामुळे सहा महिन्यांनी पण कोणी मागची चौकशी करायला आला की रजिस्टर उघडायचंच. एकदा उघडलं की मग त्यात लिहिलं पण जातं.

निवृत्त_पण_व्यस्त

रास्त आहे. त्यासाठी वेगळी माणसं, थोड्या मुदतीची, आणि पैसे. काउंटरवरच्या माणसाला संध्याकाळी बसवून नाही. हे बजेटमध्ये कधीच नसतं, सॉफ्टवेअरचे पैसे असतात, जुना डेटा भरायचे नसतात.

फायलीखाली_दबलेली

बजेटमध्ये खरंच नाहीये, आत्ताच पाहिलं. ट्रेनिंगच्या हेडमध्ये मात्र हॉटेलातल्या दोन दिवसांच्या कार्यशाळेचे आहेत. ते वळवता येतील का बघते.

आता फक्त तो कॉलम राहिला. 'विरोध करणारे'.

उंटावरचा_शहाणा

तो कॉलम भरण्याआधी ही गोष्ट वाचा. १९४८ मध्ये कोच आणि फ्रेंच यांचा एक अभ्यास छापून आला, पायजमे शिवणाऱ्या कारखान्यातला. तिथे कामाची पद्धत वारंवार बदलायची आणि दर वेळी उत्पादन पडायचं, लोक चिडायचे, काही नोकरी सोडून जायचे. त्यांनी गट केले. एका गटाला नेहमीसारखं बोलावून सांगितलं, उद्यापासून असं. एका गटाने आपले प्रतिनिधी निवडले आणि त्यांनी मॅनेजमेंटसोबत बसून नवी पद्धत ठरवली. उरलेल्या गटांत सगळ्यांनीच बसून ठरवली. नुसतं सांगितलेल्या गटाचं उत्पादन पडलं ते वर आलंच नाही, काहींनी राजीनामे दिले. सगळ्यांनी मिळून ठरवलेले गट सगळ्यात लवकर सावरले आणि आधीपेक्षा वर गेले. पुढे त्याच गटातले जे उरले होते, ज्यांना नुसतं सांगितलं होतं, त्यांना काही महिन्यांनी दुसऱ्या बदलात सामील करून घेतलं तर तेही वर गेले. म्हणजे माणसं तीच होती.

आणि एक बारीक गोष्ट जी लोक सांगत नाहीत, तिथे पगार नगावर होता. नवं काम म्हणजे हात बसेपर्यंत नग कमी. कमाई पडू नये म्हणून कारखाना भत्ता द्यायचा, तरी लोक बदलावर नाराजच. तुमच्याकडे नगावर पैसे नसतील, पण कोणाचं काय जातंय ते बघा. कोणाचा ओव्हरटाईम जातो, कोणाची 'माझ्याशिवाय फाईल सापडत नाही' ही पत जाते, कोणाला फक्त स्क्रीनवरची अक्षरं दिसत नाहीत आणि चारचौघांत सांगायची लाज वाटते. या तिन्हींवर उपाय वेगळे आहेत, त्यातल्या तिसऱ्याला तर चष्मा आणि मोठा मॉनिटर पुरेल.

ओटी_वाली

+१. मी तर म्हणेन कॉलमचं नावच बदलून 'कोणाचं काय काम वाढतंय' करा आणि नावांऐवजी टेबल लिहा, म्हणजे आवक-जावक, स्टोअर, कॅश. माणसाचं नाव लिहिलं की तो कागद कधी ना कधी त्याच्यापर्यंत पोचतोच, आणि मग तो खरा विरोधक होतो.

सावकाश_जा

हे झकास. फक्त संचालकांना विचारून बदला, नाहीतर तेच म्हणतील हिचाच विरोध आहे 😀

फायलीखाली_दबलेली

विचारलं! म्हणाले ठीक आहे, पण स्टोअर आणि आवक-जावकचे लोक प्लॅनिंगला बसवणार असाल तर काउंटर कोण बघणार. मी म्हटलं ज्या दोन दिवसांत त्यांना हॉटेलात कार्यशाळेला पाठवणार होतात तेव्हा जो बघणार होता तोच. यावर हसले, नाही म्हणाले नाहीत.

ऑडिटशीही बोलले. सिस्टिममधून निघालेला, तारीख-वेळ असलेला रिपोर्ट चालेल म्हणाले, पण तसं लेखी हवं असेल तर आमच्याकडून अधिकृत पत्र जायला हवं. पत्राचा मसुदा तयार आहे. आता तो मंजुरीसाठी फाईलवर टाकलाय, पाच सह्या आहेत.

काउंटर_नंबर_तीन

शिपायाच्या हातात देऊन फिरवा ताई, उद्या दुपारपर्यंत होतं.